एकेक माड मागे

माझा मुलगा मतिमंद आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला कोडं पडायला नको. तो आम्हाला उशिरा झाला, बायकोचे केस पिकायला लागल्यावर. सुईण म्हणाली, पोर रडत नाही. पुढेही तो फारसा रडला नाही आणि फारसा बोललाही नाही. "आये", "पेज", "नको" एवढे शब्द त्याच्याकडे होते आणि ते त्याला पुरत होते. आम्हाला पुरत नव्हते.

मी रापणकर. शाळा चौथीत सुटली. रापण म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, पण घाटावरच्या कुणी वाचलं तर कळावं म्हणून सांगतो. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा फेर मारून येते. जाळ्याचे दोन दोर, ते काठावर दोन टोळ्यांच्या हातात. दोर कमरेशी धरायचा, ओढत मागे मागे सरकायचं, वाळू संपून माड लागले की दोर सोडायचा, आणि चालत पाण्याकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून धरायचा. जाळं काठाला लागेपर्यंत हेच. मग मासळीचे वाटे. ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. माणूस लंगडा असो, म्हातारा असो, नवरा गेलेली बाई असो, कुणी काही विचारत नाही. हात लावलास की नाही, एवढंच विचारतात.

आमचा जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला कुडाळला अशा मुलांची एक शाळा निघाली. भाड्याचं घर, मागे फणसाचं झाड. बायको पोराला घेऊन रोज पहिल्या एसटीने जायला लागली. मी म्हटलं, "तो काय शिकतलो गो?"

ती म्हणाली, "तुमी तरी काय शिकलात?"

मी एसटीचे पैसे काढून दिले.

शाळेच्या बाई घाटावरच्या. मासे न खाणाऱ्या. वयाने आमच्या लेकीसारख्या, पण बोलणं सरळ, आडपडदा नाही. पोराला मिसरूड फुटलं तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. पोरांच्या बुटक्या बाकावर बसवलं. माझे गुडघे हनुवटीला लागले.

बाई म्हणाल्या, "काका, अठरा पूर्ण झाले की शाळा संपते. मग हा घरी बसणार. घरी बसलेली मुलं वर्षाच्या आत सगळं विसरतात, मी बघितलंय. त्याचं पुढचं आत्तापासून ठरवूया. तुम्ही दोघं, मी, आणि जो कुणी याला काम देणार तो, सगळ्यांनी मिळून."

"तुम्ही त्याला खडू करायला शिकवलंत ना?"

"शिकवलं."

"आमच्या गावात खडू घेणार कोण? शाळेत एक मास्तर, तो तोंडानेच शिकवतो."

बाई हसल्या नाहीत. बायको मात्र लगेच म्हणाली, "ह्येंचे गुडघे गेले. दोरावरची ह्येंची जागा रिकामी जातली. ती तेका देवया."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. घरात एका शब्दाने बोलली नव्हती. एसटीत बसून रोज तेच घोकत असणार.

आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, माझ्याबरोबरचाच. त्याच्याकडे गेलो. त्याने विडी विझवली, कानावर ठेवली. म्हणाला, "तुझी जागा तुझ्या झिलाक, ह्या ठीक आसा. पण आधीच सांगतंय. तेना दोर ओढूचो. आमी दोर ओढूचो आनी तेकाय ओढूचो, असा चलूचा नाय."

मग शाळेत तयारी सुरू झाली. बायकोने रापणीचा जुना दोर नेला, बाईंच्या सांगण्यावरून फणसाला बांधला. रोज पोर दोर कमरेशी धरून ओढायचा. घंटा झाली की सोडायचा. बायको घरी येऊन कौतुकाने सांगायची, "आज फणस हललो." मला वाटलं, झालं काम.

नारळी पौर्णिमेनंतर रापण लागली आणि पहिल्या दिवशी आमचा तमाशा झाला. पोराने दोर धरला, ओढला, अगदी जोराने. पण मागे सरकत सरकत माडांपर्यंत आला तरी सोडीना. घंटा कुठे झाली होती? मागे दोराचं वेटोळं करणारा होता, त्याच्या अंगावर जाऊन पडला, तरी हात सुटेना. दोघांनी त्याची बोटं उचकटली. काठावर हशा पिकला. एकजण ओरडला, "रे, हेकाच जाळ्यात घाला! मासे भियान आपसूक भायर येतले!"

बायको मासळीची पाटी घेऊन उभी होती. तिने त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या, पण घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

रविवारी बाई स्वतः आल्या. नाकाला पदर लावून काठावर उभ्या राहिल्या. बराच वेळ दोराकडे बघत होत्या. मग तशाच वाळूत खाली बसल्या.

"काकी, दोर चालतो!"

"म्हणजे?"

"दोर चालतो आणि दोराबरोबर माणूस चालतो. आपण त्याला झाडाला बांधलेला दोर शिकवला. तो बिचारा जे शिकला तेच करतोय."

बायको म्हणाली, "गाठ मीच मारलंय, बाई." आयुष्यभर रापणीची मासळी विकली तिने. पण विकणाऱ्या बायका वाट्याच्या वेळेला येतात, दोराकडे कोण बघतं. आणि ज्याला दोर ठाऊक होता तो मी, शाळेच्या फणसाखाली कधी गेलोच नव्हतो.

त्या दिवशी वाळूतच बसून पुन्हा सगळं ठरलं. बाई, बायको, तांडेल आणि मी. आता शिकवणं इथेच, खऱ्या दोरावर. जिथे दोर सोडायचा त्या माडाशी बायकोने उभं राहायचं. पोर तिथवर आला की म्हणायचं, "सोड. फुडे हो." तो पाण्याकडे जाईल. आणि बाई म्हणाल्या ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं: "पण काकी, तुम्ही जन्मभर इथे उभ्या राहणार नाही. तो न चुकता करायला लागला की तुम्ही एक माड मागे जायचं. पुन्हा जमलं, आणखी एक माड मागे. चुकला तर एक माड पुढे या. घाई नाही. पण मागे जायचंच."

तांडेल मला म्हणाला, "ह्या बरा आसा. आमच्या बायलांका कोणी सांगूक नाय मागे जावक." त्याच्या बायकोच्या तोंडाला अख्खा गाव भ्यायचा. बाईसुद्धा हसल्या तेव्हा.

तो सगळा हंगाम बायको माडामाडाने मागे गेली. दुसऱ्या हंगामात ती मांगराच्या आड गेली. मांगर म्हणजे जाळी ठेवायचा, झावळ्यांनी शाकारलेला आमचा आडोसा. तिथून ती त्याला दिसत नव्हती. त्या दिवशी मी काठी टेकत तिच्याजवळ गेलो होतो. पोर माडाशी आला, दोर हातात, इकडे तिकडे बघितलं. आई नाही. त्याने दोर सोडला आणि पाण्याकडे चालू लागला. बायको झावळ्यांच्या फटीतून बघत होती. तिने माझ्या दंडावर असे रट्टे मारले की दुसऱ्या दिवशी हात वर होईना.

वाटे झाले तेव्हा तांडेलाने त्याच्या पुढ्यात त्याचा वाटा टाकला. पेडवे आणि थोडे बांगडे. त्याने ते टोपलीत भरले आणि कुणी न सांगता मांगराच्या मागे गेला. आईच्या पाटीत मासळी ओतली. ती म्हणाली, "फुडे हो." तो घराकडे निघाला, मागून ती.

हे रोजचं झालं, घरी पेज खाऊन तो दुसऱ्या ओढीला परत यायचा. आता एकच पायरी उरली होती. मांगराच्या मागेही तिने असायचं नाही. त्याने मासळी घेऊन एकट्याने घरी यायचं, ती पडवीत असेल. बाई दर खेपेला विचारायच्या आणि बायको टाळायची. "आता मासळी बरी गावता, मगे बघूया." "दिवाळी होवंदे." दिवाळी झाली.

एकदा बाई चिडल्या. "काकी, हे आता त्याच्यासाठी नाही चाललेलं. तुमच्यासाठी चाललंय."

बायकोने पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "होय. माझ्यासाठीच. घोवान आजपर्यंत मासळी दिल्यान ती इकूक. हो झील माका आणून दिता ती माझी म्हणान. दोन दिस घेवंदे माका."

घोव म्हणजे नवरा, आणि मी तिथेच बसलो होतो. मला काय वाटलं ते लिहीत नाही. बाईंनी ते दोन दिवस तिला दिले. कुणीही दिले असते.

मग तिला कावीळ झाली. झाडपाला केला, गळ्यात माळ बांधली, मग मालवणला डॉक्टरकडे नेली. तो म्हणाला, आधी का आणली नाहीत. डॉक्टर सगळ्यांना तेच म्हणतात, पण या वेळी खरं होतं. ती गेली.

अग्नी पोराने दिला. एकुलता मुलगा, दुसरं कोण देणार? मी त्याचा हात धरला, दाखवलं तसं त्याने केलं. त्याला काही कळलं का, मला माहीत नाही. परतताना तो मांगराच्या दिशेने वळला. मी हाताला धरून घरी आणला.

आम्ही सगळे मिळून बसलो होतो, इतकं ठरवलं होतं. रोज एकाच वेळी, एकाच माडाशी, खाडा म्हणून करायचा नाही, कारण खाडा झाला की तो मागे जातो. सगळ्याचा विचार केला होता. सुतकाचा केला नव्हता. घाटावरच्या बाईंना आमची रीत ठाऊक नव्हती, आणि आम्हाला ती इतकी ठाऊक होती की सांगायचं सुचलं नाही. सुतकातल्या माणसाने रापणीच्या दोराला हात लावायचा नाही. बाराव्यापर्यंत नाही. तांडेल दारात येऊन उभा राहिला, तोही रडत होता, पण म्हणाला, "तेका धाडू नको. माका नको सांगूक लावू लोकांका."

तेवढे दिवस पोर विहिरीवर होता. दोर सोडायचा, ओढायचा, कळशी ओतायची, पुन्हा सोडायचा. घागरी भरल्या, हंडे भरले, मग अंगणात ओतायला लागला. विहिरीतून गढूळ पाणी यायला लागलं. माडांना इतकं पाणी आम्ही कधी घातलं नव्हतं. भेटायला आलेली माणसं चिखलातून पाय उचलत पडवीत यायची आणि त्याच्याकडे बघून म्हणायची, बरं झालं, याला काही कळत नाही.

बारावं झालं आणि तो काठावर गेला. मी मागून गेलो. त्याने दोर धरला. ओढला. माडाशी आला, सोडला, पाण्याकडे गेला. एकदाही चुकला नाही. तांडेल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुझ्या बायलेन काम पक्क्या केल्यान रे." मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. तिला जाऊन एवढेच दिवस झाले होते आणि मला बरं वाटलं.

वाटे झाले. त्याने टोपली भरली आणि मांगराच्या मागे गेला.

परत आलाच नाही. मी जाऊन बघितलं. टोपली मांडीवर घेऊन बसला होता. त्याला कुठे ठाऊक होतं की ती नाही? त्याला आम्हीच शिकवलं होतं, आई दिसत नसली तरी असते. चार माणसं दोन हंगाम तेच शिकवत होतो.

मी म्हटलं, "चल रे घरी." "नको." हात धरला, झिडकारला. दिवस मावळला तेव्हा भुकेने उठला. मासळी तिथेच. सकाळी कावळ्यांनी आणि कुत्र्यांनी तिचा चिखल केला होता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पहिली ओढ संपली की तो मांगरामागे, मग दुसऱ्या ओढीला हात नाही. तांडेलाने एकदा दंडाला धरून उठवायला बघितलं तर त्याच्या मनगटाला कडकडून चावला. मग काठावर कुजबूज झाली, आणि कुजबुजीचा लगेच आरडाओरडा झाला.

"चावतलो तो! आमी दोर बघूचो की तेचे दात?"

"बापाशीक सांगा, घरात बांधून ठेव."

हीच माणसं तिच्या बाराव्याला जेवून गेली होती. पण त्यांचंही बरं चाललं नव्हतं. इंजिनाच्या बोटी काठापर्यंत येऊन समुद्र खरवडून नेत होत्या. जाळ्यात येणारी मासळी दरसाल कमी. वाट्याला एक हात कमी झाला तर कुणाला नको होता?

तांडेल मनगटाला फडकं बांधून माझ्याकडे आला. "शिमग्यापर्यंत बघतंय. फुडे माझ्या हातात नाय. जागा दुसऱ्याक जातली." मला कळत होतं, ही जागा गेली की याला दुसरी नाही. ओरोसच्या जिल्हा कचेरीतून अपंगाचा दाखला मिळतो, जागा मिळत नाही.

बाईंना निरोप धाडला. पोराचं नाव शाळेतून केव्हाच कमी झालं होतं. त्या तरी आल्या. पडवीत बसल्या, चहा घेतला.

मी म्हटलं, "मी उभा राहू का तिच्या जागी?"

"राहून बघितलंत?"

"बघितलं. माझ्याकडे बघतो आणि माझ्या मागे बघतो."

बाईंनी अंगणाकडे बघितलं. कोपऱ्यात बायकोची पाटी पालथी पडली होती. "काका, माणूस नाही तर वस्तू ठेवून बघू. ती पाटी मांगरामागे ठेवा."

ठेवली. बाई, तांडेल आणि मी होडीच्या आड उभे राहिलो, चोरासारखे. पोर टोपली घेऊन आला. पाटी बघितली. मासळी तिच्यात ओतली, रोजच्यासारखी. आणि उभा राहिला. त्याला पुढचा शब्द हवा होता.

मी होडीच्या आडून म्हटलं, "फुडे हो." हलला नाही. तांडेलाने बायकी आवाज काढून म्हटलं. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसून लोळलो असतो. पोर हलला नाही. बाईंनी आम्हा दोघांचे हात दाबून धरले.

किती वेळ गेला कोण जाणे. पाटीतला एक बांगडा अजून उडत होता. तो थांबला तेव्हा पोर म्हणाला, "फुडे हो."

त्याने हे शब्द आयुष्यात उच्चारले नव्हते. आवाज जाडा, त्याचाच. म्हणाला आणि घराकडे चालायला लागला. तांडेलाने तोंड फिरवलं. बाई वाळूत बसल्या. मी पाटी उचलायला गेलो, कारण कुत्रं येत होतं.

मग पाटी माडामाडाने घराकडे आणली. एक माड, जमलं की पुढचा. बाईंनी शिकवलेलंच, फक्त उलट दिशेने. कधी चुकायचा, रिकाम्या मांगरामागे जाऊन उभा राहायचा, मग पाटी एक माड परत न्यायची. माझे गुडघे त्या दिवसांत पार गेले. शिमग्याच्या सुमाराला पाटी पडवीत आली. जागा राहिली. तांडेल तसं सगळ्यांसमोर म्हणाला, आणि चावल्याचा वण दाखवून म्हणाला, म्हणजे कुणी बोलू नये.

बायकोला जी पायरी नको होती ती अशी पुरी झाली. त्या दिवशी पोर मासळी घेऊन एकटा घरी आला, पडवीत ओतली, "फुडे हो" म्हणाला आणि आत जाऊन पानावर बसला. मला आनंद व्हायला हवा होता. मी मांगरापर्यंत गेलो. मागे वाळूत काही नव्हतं. इतके दिवस पाटी तिथे नसली तरी मला वाटायचं, तिथे काहीतरी आहे. मी काठी टेकत परत आलो.

आता रापण रोज लागत नाही. कधी जाळ्यात शेवाळ आणि जेलीफिशच जास्त. रापण नसते त्या दिवशीही तो काठावर जाऊन दोराच्या जागी उभा राहतो. तांडेल थकला. बाईंची शाळा दुसऱ्या घरात गेली, तरी वर्षातून एकदोनदा येतात. मागच्या खेपेला पडवीत बसून त्यांनी विचारलं, "काका, कालवण कोण करतं?"

"मी."

"आणि नंतर?"

कुणी दुसऱ्याने विचारलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या. बाईंना म्हटलं, "काय करायचं ते सांगा."

म्हणून आता मी त्याला मासळी साफ करायला शिकवतोय. पहिले काही दिवस हातावर हात ठेवून. मग नुसतं शेजारी बसून. आता मी चुलीजवळून उठून दाराशी जाऊन बसतो. पुढच्या महिन्यात पडवीत बसेन. बोट एकदा कापलं त्याने, रक्त बघून थांबला नाही, पुढे करतच राहिला. त्याची आई असती तर तिने त्याला उठवलं असतं. मी उठवला नाही.

काल त्याने सगळं एकट्याने केलं. मी दाराशी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. साफ करताना बांगड्याचं पित्त फुटलं आणि त्याला ते कळलं नाही. कालवण कडू झालं. दोघांनी खाल्लं.